पाकिटावरचं फुलपाखरू

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

टपाल तिकिटाचा जन्म १८४० सालचा, इंग्लंडमधला. राणी व्हिक्टोरियाचा चेहरा असलेलं ते काळं एका पेनीचं तिकीट आपल्यापैकी बहुतेकांनी निदान चित्रात तरी पाहिलेलं असतं. त्यानंतर तिकिटांवर राजे आले, राण्या आल्या, हत्ती, सिंह, जहाजं, किल्ले, आगगाड्या असे सगळे येऊन बसले. फुलपाखराला मात्र तिथे बसायला चांगली एकशे दहा वर्षं लागली. जानेवारी १९५० मध्ये बोर्निओ बेटावरच्या सारावाक या ब्रिटिश वसाहतीने एक सेंटचं तिकीट काढलं आणि त्यावर 'राजा ब्रूक' नावाचं मोठं फुलपाखरू छापलं. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५५ साली या फुलपाखराला सारावाकच्या गोऱ्या राजाचं, जेम्स ब्रूकचं, नाव दिलं होतं. काळ्याभोर पंखांवर झगझगीत हिरवे त्रिकोण, असं त्याचं रूप. आणि तिकीट कसं, तर निव्वळ काळ्या शाईतलं! एका सेंटच्या तिकिटाला रंगांचे लाड परवडण्यासारखे नव्हते.

काटेकोर मंडळी इथे हरकत घेतील. हवाईची राणी लिलिउओकलानी हिच्या १८९१ च्या तिकिटात राणीच्या केसांत फुलपाखराच्या आकाराचा हिऱ्यांचा दागिना दिसतो. लेबनॉनने १९३० साली रेशीम परिषदेच्या निमित्ताने रेशमाचा किडा, कोष आणि पतंग तिकिटावर आणला होता. पण एक दागिना आणि दुसरा पतंग. खरंखुरं फुलपाखरू, तेही चित्राचा मुख्य विषय म्हणून, १९५० चंच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्वित्झर्लंडने मुलांच्या मदतनिधीसाठी थोड्या जादा किमतीची तिकिटं काढली, त्यांत फुलपाखरं होती, मधमाशी होती आणि ती रंगीत होती. स्विस तिकिटांवर देशाचं नाव 'हेल्व्हेशिया' असं असतं. पुढे आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी हा देश नकाशात शोधून शोधून सोडून दिला.

हा इतिहास आधी सांगण्याला कारण आहे. मी वाघोलीत राहतो. नगर रस्त्यावरचं हे गाव एके काळी वाघेश्वराच्या देवळासाठी आणि दगडखाणींसाठी ओळखलं जायचं. २०२१ साली ते पुणे महापालिकेत आलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथे इमारती उठत होत्या. पेठांमधले वाडे पाडायला निघाले, एकत्र कुटुंबं फुटली, मुलं आयटीत लागली आणि माणसं इकडे सहाव्या-सातव्या मजल्यावर राहायला आली. घर बदलताना माळा रिकामा होतो. माळ्यावर ट्रंक असते. ट्रंकेत वडिलांचा किंवा आजोबांचा तिकिटांचा आल्बम असतो. मला तिकिटांचा नाद आहे हे शेजारीपाजारी ठाऊक झाल्यापासून दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी कापडी पिशवीत असा आल्बम घेऊन येतं. त्यात फुलपाखरांचं पान नाही असं फारसं होत नाही. आणि प्रश्नही ठरलेला : "फार जुनी आहेत हो, ब्रिटिशांच्या काळातली असतील. किती येतील?"

ब्रिटिशांच्या काळातलं भारतीय फुलपाखराचं तिकीट असूच शकत नाही, कारण आपल्या टपाल खात्याने फुलपाखरांसाठी पहिली मालिका काढली ती थेट १९८१ साली. जगातलंही शंभर वर्षांपूर्वीचं फुलपाखराचं तिकीट कोणी विकायला काढलं, तर हात जोडून निघून यावं. हा साधा हिशेब ठाऊक नसल्यामुळे लोक फसतात. घेतानाही आणि देतानाही.

पण मग या आल्बमांमध्ये इतकी फुलपाखरं आली कुठून? ती गोष्ट तिकिटांपेक्षा रंगतदार आहे.

सारावाकनंतर तीनच वर्षांनी, १९५३ मध्ये, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मोझांबिकने एकदम वीस तिकिटांची मालिका काढली. वीसही तिकिटांवर फुलपाखरं आणि पतंग. संग्रहालयात टाचणीवर पसरून ठेवलेले असावेत तसे सरळ, चारी पंख उघडे, पार्श्वभूमी फिकट रंगाची. आजही ही मालिका समोर ठेवली की डोळा ठरत नाही. ही तिकिटं आपल्याकडे आली ती मुख्यतः गोव्याच्या वाटेने. गोव्यातली पुष्कळ माणसं तेव्हा मोझांबिकमध्ये होती. कोणी सरकारी कचेरीत, कोणी रेल्वेत, कोणी दुकानात. लोरेन्सो मार्किशहून, म्हणजे आजच्या मापुतोहून, घरी पत्र यायचं, त्या पाकिटावर हे पाखरू बसलेलं असायचं. घरातला शाळकरी मुलगा कात्री घेऊन वाटच पाहत असे. त्या कात्रीविषयी पुढे बोलायचं आहे.

साठ आणि सत्तरच्या दशकांत मात्र चित्र पालटलं. हंगेरीने १९५९ साली फुलपाखरांची देखणी मालिका काढली. पाठोपाठ पोलंड, पूर्व जर्मनी, मंगोलिया, क्यूबा अशा देशांनी लहान मुलांना आवडेल असं सगळं छापायला घेतलं : फुलपाखरं, मासे, कुत्रे, मांजरं, अवकाशयानं. या देशांना परकीय चलन हवं होतं. तिकीट हा असा माल आहे की छापायला पैशाचा खर्च आणि विकायला रुपयाचा भाव, शिवाय त्यावर पत्र पोचवायची जबाबदारी नाही. कारण ही तिकिटं पत्रावर लागतच नसत. छापखान्यातच पूर्ण ताव घ्यायचा, चार तिकिटं जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर नीटस शिक्का उमटवायचा आणि 'वापरलेली' म्हणून पाकिटं भरून जगभर पाठवायची. पुण्यात स्टेशनरीच्या दुकानांत अशी पाकिटं टांगलेली असत. 'फुलपाखरं, पंचवीस निरनिराळी' असं लिहिलेलं आणि पुढच्या खिडकीतून सगळ्यांत मोठं तिकीट दिसेल अशी मांडणी. खाऊचे पैसे त्यात गेलेले किती जण आज साठीत असतील! 'मग्यार पोश्ता' म्हणजे हंगेरी, हे ज्ञान आम्हाला शाळेने नाही दिलं, या पाकिटांनी दिलं.

असं तिकीट ओळखायचं कसं? ते उलटं करून पाहा. पत्रावर लागून आलेलं तिकीट भिजवून सोडवावं लागतं, तेव्हा त्याचा गोंद धुऊन जातो. पुढे शिक्का आहे आणि मागे गोंद जसाच्या तसा चकाकतो आहे, तर समजावं की या पाखराने उडणं कधी पाहिलंच नाही. कोपऱ्यात पाव गोल शिक्का, तोही प्रत्येक तिकिटावर तंतोतंत तेवढाच, ही दुसरी खूण.

याहून पुढची मजल आखातातल्या संस्थानांनी मारली. अजमान, फुजैरा, शारजा, रास अल खैमा, उम्म अल क्वैन ही आज संयुक्त अरब अमिरातीतली नावं. १९७१ पूर्वी ती वेगवेगळी शेखशाही होती आणि तेल सगळ्यांकडे नव्हतं. फिनबार केनी नावाच्या एका अमेरिकन तिकीट-व्यापाऱ्याने १९६४ साली अजमानच्या शेखाशी करार केला : तिकिटं आम्ही छापू, आम्ही विकू, तुम्हाला ठरलेला वाटा. पुढे फुजैराही त्याच वाटेने गेलं. अजमानच्या ताब्यातल्या मनामा या आतल्या वस्तीच्या नावानेसुद्धा तिकिटं निघाली! वाळवंटातल्या या ठिकाणांच्या नावाने जगभरची फुलपाखरं छापली गेली, सोनेरी कडांची, कंगोरे नसलेली, मोठ्या आकाराची. युरोपातले संग्राहक या तिकिटांना कुचेष्टेने 'वाळूच्या टेकड्या' म्हणू लागले. लंडनच्या स्टॅनले गिबन्स कंपनीने आपल्या सूचीत त्यांतली बहुतेक तिकिटं मुख्य यादीत न घेता परिशिष्टात ढकलली. हा केनी पुढे कुक बेटांच्या १९७८ च्या निवडणुकीत पैसे पुरवण्याच्या प्रकरणात सापडला आणि १९७९ साली अमेरिकेच्या लाचखोरीविरोधी कायद्याखाली त्याच्या कंपनीला गुन्हा कबूल करावा लागला. आपल्या आल्बमातल्या सोनेरी फुलपाखरामागे असली माणसं उभी असतात, हे आठव्या इयत्तेत कोणाला कळणार?

त्या मानाने भूतानचा उद्योग मला आवडतो. तिथेही एक अमेरिकनच होता, बर्ट टॉड. पण त्याच्या डोक्यात कल्पना होत्या. १९६८ साली भूतानने फुलपाखरांची अशी तिकिटं काढली की प्लॅस्टिकच्या खाचदार थरामुळे पाखरू कागदातून वर आल्यासारखं दिसे. पुढे तर त्यांनी ग्रामोफोनवर वाजणारी तबकडीची तिकिटं काढली, त्यात देशाचं राष्ट्रगीत ऐकू येतं! त्या काळी शहाण्यासुरत्या संग्राहकांनी नाकं मुरडली. आज त्याच तबकड्यांना चांगली मागणी आहे. संग्राहकांची नाकं हा किमतीचा फार भरवशाचा मापदंड नव्हे, एवढं यावरून म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या १९८१ च्या मालिकेकडे येऊ. २० ऑक्टोबर १९८१. चार तिकिटं : ३५ पैसे, ५० पैसे, १ रुपया आणि २ रुपये. ३५ पैशांवरच्या फुलपाखराच्या शास्त्रीय नावात चक्क आपला कामदेव आहे, 'कामदेवा'. २ रुपयांवर 'कैसर-ए-हिंद', पूर्व हिमालयाच्या उंच जंगलांत राहणारं, हिरव्या मखमलीसारखं फुलपाखरू. संग्राहकांच्या जाळ्यांनी त्याची इतकी धूळधाण केली की त्याला कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. २०२१ साली अरुणाचल प्रदेशाने त्याला राज्याचं फुलपाखरू म्हणून मान दिला. आपल्या महाराष्ट्राने हे त्याआधी सहा वर्षं केलं होतं. २०१५ साली 'ब्लू मॉरमॉन' म्हणजे राणी पाकोळी राज्य फुलपाखरू झाली आणि असं करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. ही राणी पाकोळी तिकिटावर पाहायची असेल तर श्रीलंकेची १९७८ ची मालिका शोधा.

१९८१ ची आपली तिकिटं छापली गेली नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. १९२५ पर्यंत भारताची तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून जहाजाने येत. त्यानंतर हे काम नाशिकला आलं आणि १९५२ साली कबीर, तुलसीदास, मीरा यांच्या संतकवींच्या मालिकेपासून तिथे फोटोग्रॅव्ह्युअरची छपाई सुरू झाली. कैसर-ए-हिंदच्या पंखावरचा हिरवा रंग नाशिकच्या शाईचा आहे, याचं मला उगाचच कौतुक वाटतं. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लंडनेही फुलपाखरांची चार तिकिटं काढली होती. त्यांत 'लार्ज ब्लू' हे फुलपाखरू होतं. ते इंग्लंडातून १९७९ सालीच नाहीसं झालं होतं. तिकीट आलं तेव्हा तिथे एकही उरलं नव्हतं. पुढे स्वीडनहून अळ्या आणून त्यांनी ते पुन्हा वसवलं.

आता मूळ प्रश्न : किती येतील?

१९८१ चा आपला संच नवा, न वापरलेला, आजही सहज मिळतो. कारण त्या काळी हौशी मंडळींनी तो भरपूर घेऊन ठेवला. ३५ पैसे हा तेव्हा साध्या पत्राचा दर होता, त्यामुळे शिक्का बसलेलं कामदेवाचं तिकीटही ढिगाने आहे. २ रुपयांचं तिकीट मात्र खरोखरच्या पाकिटावर, खऱ्या पत्त्यावर गेलेलं, शिक्का स्वच्छ वाचता येईल असं शोधायला बसा. मी बरीच वर्षं शोधतो आहे. मला तीन मिळाली. इथेच या सगळ्या मूल्यमापनाचं मर्म आहे. चित्राला किंमत फार थोडी असते. वयाला त्याहून थोडी. तिकीट कामावर गेलं होतं का, कुठून कुठे गेलं, कोणत्या दराने गेलं आणि त्याचा पुरावा शाबूत आहे का, याला किंमत असते. म्हणून जाणकार संग्राहक सुटं तिकीट बाजूला ठेवतो आणि पाकीट मागतो. पाकिटावर दोन्हीकडचे शिक्के असतात, पत्ता असतो, तारीख असते. आपल्याकडे १९७२ नंतरच्या अनेक शिक्क्यांत पिनकोडही असतो, वाघोलीचा ४१२२०७. ही पिनकोडची पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे पंडित. १९७३ साली दिल्लीत भरलेल्या इंडिपेक्स या जागतिक तिकीट प्रदर्शनाची धुराही त्यांच्याकडेच होती. सहा आकडे टाकून त्यांनी पत्रं लवकर पोचवली आणि नकळत आम्हा संग्राहकांचं कामही सोपं करून ठेवलं.

सूचीतली किंमत आणि हातात पडणारी किंमत यांतलं अंतरही लोकांना ठाऊक नसतं. स्टॅनले गिबन्सच्या जाड सूचीत प्रत्येक तिकिटासमोर काही ना काही किंमत छापलेली असते. पण तिथली सगळ्यांत खालची किंमत ही तिकिटाची नसतेच. ते तिकीट शोधून, तपासून, पाकिटात घालून तुम्हाला देण्याची दुकानदाराची मजुरी असते ती. अशी दोनशे तिकिटं तुमच्याकडे असली म्हणजे त्या मजुरीची दोनशे पट रक्कम तुमची झाली, असं नव्हे. तीच गत इंटरनेटवरच्या किमतींची. एखाद्याने हंगेरीच्या फुलपाखरासमोर लाख रुपये लिहिले, तर ती त्याची इच्छा झाली. ते कितीला विकलं गेलं, हे पाहायचं. आणि अलीकडे तर देश नसलेल्या देशांची तिकिटंही फिरतात. कोणत्या तरी फुटीर प्रांताचं नाव, वर सुंदर फुलपाखरू. अशा बनावट मालाला आळा घालण्यासाठी जागतिक टपाल संघाने २००२ पासून अधिकृत तिकिटांना क्रमांक देऊन नोंदवायला सुरुवात केली. त्यानंतरच्या काळातलं आणि संशय वाटणारं तिकीट असेल तर ती नोंद पाहावी.

आणि मग पुण्याचा पावसाळा. जुलै-ऑगस्टात गोंद सुटून तिकिटं पानाला चिकटतात, कागदावर तांबूस ठिपके पडतात. आम्ही त्याला गंज म्हणतो. असते ती बुरशी. पूर्वी तिकिटं आल्बमात लावायला हिंज वापरत, म्हणजे गोंद लावलेला पातळ कागदाचा बिजागरीसारखा तुकडा. त्याची खूण मागे उरते आणि नव्या तिकिटाची किंमत उतरते. पण चिकटपट्टीपेक्षा हिंज शंभर पटींनी बरा. सेलोटेप लावलेलं तिकीट दाखवायला आणू नका, मला वाईट वाटतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच सोसायटीतल्या एक वृद्ध बाई मुलाला घेऊन आल्या होत्या. यजमान नुकतेच गेलेले. मूळ घर मडगावचं, नोकरीनिमित्त पुण्यात आले ते इथलेच झाले. तीन आल्बम होते. मुलाने फोनवर कुठल्याशा जाहिराती पाहून ठेवल्या होत्या आणि त्याच्या मुलीच्या कॉलेजच्या फीचं वर्ष होतं. तो काही लोभी माणूस नव्हता. गरज होती आणि घरात हे सापडलं होतं, इतकंच. मी दोन संध्याकाळी बसून सगळं पाहिलं. फुलपाखरांची चारशेच्या वर तिकिटं. अजमान, मनामा, फुजैरा, हंगेरी, मंगोलिया. मागे गोंद शाबूत, कोपऱ्यावर पाव शिक्का. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की या सगळ्याचे मिळून एखाद्या महिन्याच्या किराण्याइतके येतील, तेही घेणारा भेटला तर. मुलगा काही बोलला नाही. पिशवीचे बंद नुसते गुंडाळत राहिला. अशा वेळी खोटं बोलावं असं मलाही वाटतं.

मग एका पानावर मोझांबिकची सात तिकिटं दिसली. कडेचा पाकिटाचा कागद तसाच ठेवून, नागमोडी कापलेली. मी बाईंना विचारलं, ही कुणाकडून आली? त्या म्हणाल्या, यांचे मामा तिकडे दुकानात होते, लोरेन्सो मार्किशला. पत्रं यायची, हे तिकिटं कापून घ्यायचे. पत्रांचं काय झालं? जाळली असतील. पाकिटं? ती कशाला ठेवतील कोणी?

त्या सात तिकिटांची सात पाकिटं असती, तर सगळ्या आल्बमांपेक्षा जास्त पैसे त्यांचे झाले असते. १९५५ नंतरचा तो काळ ध्यानात घ्या. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, गोव्याचा व्यवहार मुंबईकडे बंद होऊन पोर्तुगीज मुलखांकडे वळला होता. त्या दिवसांत आफ्रिकेतून मडगावला पोचलेलं पाकीट म्हणजे त्या बंदीचा कागदी दाखला. त्याचा मार्ग, शिक्के, लागलेले दिवस, यांत रस असणारे लोक गोव्यात आहेत, लिस्बनमध्येही आहेत. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला कात्री आणि फुलपाखरू दिसलं, आणि ते बरोबरच होतं. त्याने तिकिटं बाजारासाठी जमवली नव्हती. उलट ज्यांनी लहानपणी पंचांगासारखं पाहून 'पुढे भाव येईल' म्हणून साठवलं, त्यांचेही आल्बम मी पाहतो. त्यांत हात फिरल्याची खूण नसते आणि भावही आलेला नसतो.

ट्रंक पुन्हा एकदा बघा, असं मी सुचवलं. आठवड्याने मुलगा एकटाच आला. वहीच्या पुठ्ठ्यात खुपसलेलं एक पाकीट सापडलं होतं. पूर्ण. पुढे दोन फुलपाखरं, लोरेन्सो मार्किशचा गोल शिक्का, १९५७. मागे मडगावला पोचल्याचा शिक्का. आणि आत पत्र. माझ्या ओळखीच्या एका जाणत्या संग्राहकाला मी फोटो दाखवला. त्याने जी रक्कम सांगितली ती फीच्या मानाने काही फार नव्हती, पण एका हप्त्याला हातभार लागला असता. मी तसं त्याला सांगितलं, आणि हेही सांगितलं की पत्र आत असेल तर थोडे जास्त येतात, वेगळं केलंत तर कमी.

याचा दुसरा भाग असा, की असं पाकीट आता नव्याने तयार होत नाही. आपल्या टपाल खात्याने २००८ च्या जानेवारीत अंदमान-निकोबारच्या फुलपाखरांची पाच-पाच रुपयांची चार तिकिटं काढली. देखणी आहेत. २००० सालच्या निसर्ग वारशाच्या नियमित मालिकेतही १५ रुपयांवर फुलपाखरू होतं. पण तोवर काउंटरवर छापील पट्टी चिकटवायला सुरुवात झालेली होती. तिकीट मागितलं तर कारकून वर पाहतो, "कशाला हवं?" २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. आमच्यासारख्यांची जड पाकिटं, तिकिटांनी भरलेली, जायची ती मुख्यतः रजिस्टरने. अंदमानच्या फुलपाखरांचे कोरे संच कपाटाकपाटांत आहेत. ती लावून खरोखरच्या माणसाने खरोखरच्या माणसाला पाठवलेलं पत्र, वाघोलीचाच नव्हे तर कुठलाही वाचता येणारा शिक्का असलेलं, कोणाकडे असेल तर जपून ठेवा. कापू नका. पाण्यात घालू नका. बटर पेपरच्या पिशवीत, उभं, कोरड्या कपाटात.

मडगावच्या त्या पाकिटाचं सांगायचं राहिलं. मुलाने ते विकलं नाही. आल्बमातली अजमान आणि मनामाची मंडळी त्याने इथल्या एका शाळेतल्या मुलांना वाटून टाकली. मी त्यांतून 'वाळूच्या टेकड्यां'चं एक पान माझ्यासाठी मागून घेतलं. फीची सोय त्याने कर्ज काढून केली. पत्र मात्र त्याने मला वाचायला दिलं, कारण त्याला ते नीट लागत नव्हतं. अक्षर देवनागरी, मराठी जुन्या वळणाची, मधूनमधून कोकणी शब्द. मामांनी लिहिलं होतं की इथे पाऊस उशिरा आहे, शेठजी बरे आहेत, आवईला म्हणावं औषध चुकवू नको. आणि खाली भाच्यासाठी एक ओळ : या वेळी दोन वेगळी लावली आहेत, तुझ्याकडे नसलेली.